न बसलेला हिसका

हिसका बसलाच नाही.

दादा वरून सुटला तेव्हा ती नेहमीसारखी तयार होती. गुडघे सैल सोडलेले, एक पाय पुढे, दोराची मूठ मांडीपाशी आणि जीभ दातांमागे आवरून घेतलेली, कारण एकदा ऐन उडताना जीभ चावली गेली होती आणि मग कितीतरी दिवस दादा तिला ‘बोबडे’ म्हणून हाक मारत होता. गोदामासारख्या त्या उंच हॉलमध्ये, चढायच्या लाकडी भिंतीखाली, त्या दोघांची ही वर्षानुवर्षांची ठरलेली जागा. दोराचं एक टोक दादाच्या कमरेला. तिथून दोर वर जाणार, भिंतीतल्या लोखंडी कड्यांमधून ओवला जाणार आणि खाली येऊन तिच्या कमरपट्ट्याच्या ब्रेकमधून तिच्या मुठीत उतरणार. दादा चढेल तसा तिनं दोर सोडायचा, दादा निसटला की मूठ आवळायची. मग तो खाली येणार आणि त्याच्या भारानं ती वर जाणार, कारण दादा म्हणजे धान्याचं भरलेलं पोतं आणि ती पोत्यावरची चिमणी. घरातलं तिचं नावही तेच. भिंतीच्या मध्यावर कुठेतरी दोघं समोरासमोर यायची, हवेत, गिरक्या घेत, आणि जिन्यात शेजारी भेटावा तशा सुरात दादा विचारायचा, “काय म्हणता, बरं आहे ना सगळं?” विनोद घासून गुळगुळीत झाला होता. तरी तो झाल्याशिवाय पडणं पुरं व्हायचं नाही. तीही शेजारणीसारखी मान हलवून म्हणायची, “आहे आपलं, चाललंय.”

आज दादा सुटला, दोर ताणला आणि पाय जमिनीवरच राहिले. टाचासुद्धा उचलल्या नाहीत. पट्ट्यानं कमरेला जरासं ओढलं, एखाद्या पोरानं ‘चल ना’ म्हणून ओढावं तेवढंच. जिथे दादाचा चेहरा यायला हवा होता तिथे भिंतीवर बसवलेला एक पिवळा खुंटा होता, चढणारे हातांना लावतात त्या खडूनं पांढुरका पडलेला. ती त्या खुंट्याकडे पाहत राहिली. दादा वरच होता, फार वर. विनोदाची वेळ आली आणि निघून गेली. मग तिकडून आवाज आला, “घट्ट धरलंस आज.”

“हो,” ती म्हणाली.

त्याला खाली घेताना, गाठ सोडताना, दोराची वेटोळी घालताना तिच्या कानांत नुसतं घूं होत होतं. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पायरीच नसावी, तसं आतून काहीतरी खाली गेलं होतं. तेवढ्यात भिंतीवरचा मास्तर आला. तिथे सगळ्यांना चढायला शिकवणारा, पोरगेला, कायम अनवाणी. त्यानं दादाच्या पोटावर थाप मारली. “काका, कुठे गेलं हो? काय हलके झालात. आता बघा, दोन बोटांवर लटकाल.” शेजारची दोघंतिघंही वळून पाहू लागली. या हॉलमध्ये बारीक होणं म्हणजे पदक. बाहेरच्या जगात कुणी असा वाळला तर बाया हळूच विचारतात, काही दुखणंखुपणं तर नाही ना. इथे विचारतात, काय खाता, काय सोडलंत. दादा टॉवेलनं मान पुसत म्हणाला, “गोड सोडलं. आणि तुमच्या काकूचं ऐकायचं सोडलं. दुसऱ्यानं जास्त फरक पडतो.” सगळे हसले. तीही हसली. चढण्याआधी एकमेकांची गाठ आणि बक्कल ओढून बघायचं हा भावाबहिणीचा नेम होता, तिथे चूक नाही, आळस नाही. म्हणजे दर खेपेला तिनं स्वतःच्या हातानं त्याचा पट्टा ओढला होता. पट्ट्याचं उरलेलं टोक पूर्वी बोटाएवढं असायचं. ते हळूहळू वाढत गेलं, आता ते तो दुमडून आत खोचत होता. तिनं ते पाहिलं होतं, आणि पाहिलं नव्हतं. बक्कल घट्ट आहे एवढंच बघायचं असतं, ते घट्टच होतं.

दादाची गाडी म्हणजे त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी, डोक्यावर पाटी असलेली आणि शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असलेली. उभा जन्म दादा त्या बाजूला बसून दुसऱ्यांच्या चुकांवर पाय दाबत आला. घरी जाताना मात्र तो चालवायचा आणि ती त्याच्या जागेवर बसायची. पाय आपोआप त्या दुसऱ्या ब्रेकवर जायचा. “काढ गं पाय तिथून,” दादा म्हणायचा, “माझीच परीक्षा चालल्यासारखं वाटतं.” आज तिनं पाय काढला नाही आणि तोही काही बोलला नाही, कारण तो बोलता बोलता त्याच्या त्या बेटावर पोचला होता. सिग्नलचा लाल उजेड त्याच्या गालावर पडला होता. गालाच्या हाडाखाली सावली होती, वाटी ठेवण्याएवढी. ती सावली सांगत होती, म्हणे समुद्रातून सरळ वर उठलेले चुनखडीचे कडे, खाली वाळू, अशी की दोर सोडायचा आणि तशाच घामेजल्या अंगानं पाण्यात चालत जायचं.

बेट काही आजचं नव्हतं. स्कूलच्या ऑफिसात कुठल्याशा जुन्या कॅलेंडरातलं एक चित्र दादानं भिंतीला चिकटवलं होतं, त्याच्या कडा पिवळ्या पडून आत वळल्या होत्या. दरवर्षी बेत ठरायचा आणि दरवर्षी कुणीतरी अंथरूण धरायचं. एकदा आई. एकदा वहिनीचा गुडघा. एकदा तिचं स्वतःचं घर मोडलं, तेही एक आजारपणच. तेव्हा दादानं तिची कपाटं जिन्यावरून खाली आणली आणि तिला चढायच्या भिंतीपाशी नेऊन उभं केलं होतं. म्हणाला होता, “रडायचं तर रड, पण दोर सोडू नकोस.” होडीत बसल्यावर किनारा मागे सरकतो तसं बेट वर्षावर्षानं लांब गेलं, आणि जेवढं लांब गेलं तेवढा दादाचा बेत स्वस्त होत गेला. आधी हॉटेल होतं. मग पंख्याची खोली आली, मग झोपडी, मग तंबू. वहिनी म्हणायची, “अजून थोडं थांबा, म्हणजे पोहत जायचं ठरेल.” पण यंदा दादानं सगळं जमवत आणलं होतं. गिऱ्हाईक नसलेल्या दिवसांत झोपडीवाले निम्म्यात देतात. तांदूळ शिजवायला स्टोव्ह तेच देतात. विमानाचं सगळ्यात स्वस्त तिकीट घ्यायचं, त्यात सामान चढवायला मिळत नाही, हातातली एक पिशवी तेवढी. ती जड झाली की दंड. म्हणून दोर त्याच्या पिशवीत, लोखंडी कड्या दोघांच्या कोटांच्या खिशांत, चढायचे बूट गळ्यात. “चिलखत घालून बसणार मी विमानात,” दादा म्हणाला. “पोरं विचारतील, युद्ध कुठे आहे काका.” आणि मग, सिग्नल सुटता सुटता, “तिथे एक जपायला लागतं बघ. खडकात ठोकलेले जुने बोल्ट असतात ना, ते खाऱ्या हवेनं आतून खाल्लेले असतात. वरून चकाचक. हातात येईपर्यंत कळत नाही. आपण नव्या बोल्टांच्याच वाटा घ्यायच्या.”

ती खिडकीतून बाहेर बघत होती. एका दुकानाचं शटर अर्ध्यावर अडकलं होतं आणि दोन माणसं त्याला लोंबकळत होती.

तिचं काम पार्सलांच्या काउंटरवर. काचेला पाडलेल्या चौकोनातून लोक खोकी ढकलतात, ती खोकं काट्यावर ठेवते, आकडा उमटतो, शिक्का बसतो, खोकं मागच्या जाळीच्या गाड्यात जातं. दिवस असा जातो की संध्याकाळी विचारलं तर एकही चेहरा आठवू नये, हातांना मात्र सगळं आठवतं. दंडांत, मनगटांत, मानेच्या मुळाशी परक्यांची ओझी झोपून राहतात. त्या पडण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिला वाटत होतं, चूक आपलीच असेल. आपण जाड झालो असू. सुटलो असू, या वयात बायका सुटतात, ब्लाउज दंडाला काचतातच. तसं असेल तर किती बरं. ती मनातल्या मनात स्वतःला जाड करत होती, पोळीवर पोळी वाढावी तशी. काउंटर बंद झाल्यावर शेजारीण पाण्याची बाटली भरायला गेली तेव्हा तिनं चपला काढल्या आणि खोक्यांच्या काट्यावर चढली. थंडगार पत्रा होता. लाल आकडे जरा थरथरले आणि थांबले. जे होतं तेच. लग्नात होतं, घर मोडलं तेव्हा होतं, तेच. ती काट्यावर तशीच उभी राहिली, जणू अजून थोडं थांबलं तर आकडा मन बदलेल. “स्वतःलाच पाठवतेस की काय कुठे?” शेजारीण परत येत म्हणाली. “पत्ता सुचत नाहीये,” ती म्हणाली आणि उतरली.

जड आणि हलकं. आई शिलाई मशिनवर बसली की गुणगुणायची, पायाच्या तालावर, स्वतःच जुळवलेलं काहीबाही:

जड माझा लेक, जशी पाण्याची घागर,
हलकी माझी लेक, तिला वाऱ्याचा पदर.

चिमणीला त्याचा राग यायचा. तिला घागर व्हायचं होतं. शाळेमागच्या बागेत एक सीसॉ होता, लांब फळीचा, मध्ये गंजलेला. दादा एका टोकाला बसायचा आणि त्याचं टोक जमिनीला चिकटायचं ते चिकटायचंच, आणि ती दुसऱ्या टोकाला वर, आभाळात, पाय लोंबत. दादा मांडी घालून बसायचा, वाचायला पुस्तक घ्यायचा. “काय लपवलंयस ते सांग, मग खाली सोडतो.” तिनं काही ना काही लपवलेलं असायचंच. फोडलेली काचेची बरणी, शाळेतली शिक्षा, कुणाकडून घेतलेली आणि हरवलेली रंगपेटी. ती ओठ आवळून बसायची. बागेतली सगळी पोरं घरी जायची. पायांना मुंग्या यायच्या, वारा फ्रॉकमध्ये शिरायचा, आणि वरून दादाचा भांग दिसायचा, सरळ, आईनं पाडलेला. शेवटी ती सांगून टाकायची. मग नवलाची गोष्ट अशी की दादा रागवायचा नाही. तो फक्त उठायचा, पण एकदम नाही. फळी दोन्ही हातांनी धरून, हळूहळू वर सोडत, तिला आपटू न देता खाली आणायचा. “झालं? एवढंच?” म्हणायचा. एवढंच म्हटल्यावर ती गोष्ट खरंच तेवढीच होऊन जायची.

आणि आई. शेवटी शेवटी आईला न्हाणीघरातून ती एका हातानं उचलून आणायची. दुसऱ्या हातात टॉवेल, बादली, काहीही घेता यायचं. आधी दोघं लागायची, मग एकटी पुरायला लागली, आणि त्या दिवसांत तिला वाटायचं, आपल्यातच ताकद आली, भिंतीवर दोर धरून धरून दंड कसदार झाले. तिनं दादाला तसं अभिमानानं सांगितलंही होतं. दादानं तिच्याकडे पाहिलं होतं आणि आईच्या उशीचा अभ्रा नीट केला होता. तो तेव्हाच समजला होता. ती मात्र आपल्या दंडांवर खूश होती. उशीच्या अभ्र्यावरून फिरणारा तो जाडजूड हात आता तिला पार्सलांच्या शिक्क्यात दिसायचा, नळाखाली भांडी धरताना दिसायचा. दमून ती पलंगावर पडायची तेव्हा छताकडून खाली येत, न पोचता, तो हात वरच राहायचा.

सुट्टीच्या दिवशी ती दादाकडे गेली, पिशव्या भरून बघायच्या होत्या म्हणून. वहिनी जेवणाच्या टेबलावर मशीन मांडून बसली होती. पुढ्यात दादाच्या पँटींचा ढीग. “ये, बघ तुझ्या दादाचे उद्योग,” ती दोरा दातांनी तोडत म्हणाली, “आवळून आवळून माझी बोटं गेली. आता खिसे एकमेकांना भेटायला लागले. त्या बेटापायी म्हातारा पुन्हा नवरदेव व्हायला निघालाय.” तिच्या बोलण्यात कौतुक होतं, उघडं, भाबडं. आयुष्यभर या माणसाला ती ताटावरून उठवत आली होती आणि अखेर तिचं कुणीतरी ऐकलं होतं. “जेवतो ना नीट?” चिमणीनं विचारलं. “अर्धं ताट. पण काय सांगायचं, सांगितलं की म्हणतो, चिमणीला त्रास होतो मला धरायला.” मशीनचं चाक फिरलं, थांबलं. “बरं, लायसनच्या त्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी अजून कसल्या कसल्या चाचण्या लिहून दिल्यात. तारीखही होती. यानं फोन करून नको म्हणून सांगितलं. म्हणे जाऊन आल्यावर करतो. तूच सांग बाई त्याला, ते लायसन अडकलं तर खायचं काय? बेटावरची वाळू?” वहिनीच्या डोळ्यांत काळजी होती ती लायसनचीच. चिमणीनं पँट हातात घेतली. कमरेच्या आत एकावर एक तीन शिवणी होत्या, प्रत्येक जराशी आत, पाणी आटताना तळ्याच्या काठावर ओळी राहतात तशा.

आतल्या खोलीत दादा जमिनीवर बसला होता आणि त्याच्याभोवती दोर, कड्या, बूट, दोन टॉवेल, तांदळाची पुडी असा सगळा संसार पसरला होता. तो खुशीत होता. पिशवीचं वजन बघायला त्यानं न्हाणीघरातला काटा आणून ठेवला होता. माणसानं नुसतं उभं राहायचं, मग पिशवी घेऊन उभं राहायचं, जो फरक येईल ती पिशवी. स्वस्तात प्रवास करणाऱ्यांची ही युक्ती. “चढ,” दादा म्हणाला. ती चढली. “आता पिशवी घे.” तिनं घेतली. “उतर. आता माझी घे.”

“तुझी तू घे ना. मला पेलत नाही, दोर आहे त्यात.”

“दिवसभर खोकी उचलतेस आणि म्हणे पेलत नाही. चढ, चढ, नाटकं नकोत.”

“दादा, तू चढ.”

दादानं एक कडी उचलली, तिचं स्प्रिंगचं फाटक उघडलं, मिटलं. टिक. पुन्हा उघडलं. बाहेर मशीन चालू होतं. खिडकीच्या जाळीतून आलेलं ऊन काट्याच्या काचेवर पडलं होतं आणि आतलं शून्य दिसत नव्हतं. “माझा पाय ओला आहे,” तो म्हणाला. पाय कोरडा होता. तिला त्याच्या घोट्याची हाडं दिसत होती, आईच्या घोट्यांसारखी, बाहेर आलेली. ती खाली त्याच्यासमोर बसली. आजवर या घरात अवघड गोष्टी दादानं तिच्याकडून वदवून घेतल्या होत्या. तिनं त्याच्याकडून वदवून घ्यायची वेळ कधी आलीच नव्हती, तिला ती रीतच ठाऊक नव्हती.

“वहिनी म्हणत होती, डॉक्टरांनी...”

“करतो की. जाऊन आल्यावर.”

“आधी कर.”

“आधी?” दादानं कडी खाली ठेवली. त्याचा आवाज चढला नाही, उलट बसला. “चिमणे, या घरात दवाखाना आत आला की बेट बाहेर जातं. दर वेळेला. आईचं झालं, हिचं झालं, तुझं झालं. मी कधी हू की चू केलं? आता या खेपेला मी दार उघडत नाही. थोडे दिवस वाजवू देत कडी. जाऊन येऊ, मग म्हणावं ये बाबा आत, बस, काय घेणार.” तो हसला. मग फोन पुढे केला. “हे बघ, तिकिटं. एवढ्या स्वस्तात पुन्हा मिळायची नाहीत. फक्त एक आहे, एकदा काढली की परत होत नाहीत. काढू?”

ती त्याच्या अंगठ्याकडे बघत होती. एका बाजूला तो अंगठा, त्याखालचं चौकोनी बटण, त्यामागे समुद्र. तो या माणसानं कितीदा दुसऱ्यांसाठी घडी घालून ठेवून दिला होता. दुसऱ्या बाजूला वहिनीच्या तीन शिवणी. काढ म्हटलं तर दादा आनंदानं बुडणार. नको म्हटलं तर किनाऱ्यावर उभा राहून वाळणार. थकवा तिच्या डोळ्यांच्या मागून वर आला, इतका की तिथेच त्या दोराच्या वेटोळ्यावर डोकं ठेवून झोपावं. “उद्या भिंतीवर जाऊ,” ती म्हणाली. “तिथे काढू.”

“तिथे काय मुहूर्त आहे?”

“आहे.”

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये गर्दी नव्हती. खडूची धूळ उन्हाच्या तिरीपेत तरंगत होती, कुठलीच घाई नसल्यासारखी. तिनं त्याची गाठ ओढून पाहिली, बक्कल ओढून पाहिलं. आज तिनं दुमडून खोचलेलं ते टोक बाहेर काढलं, हातभर लांब, क्षणभर तळहातावर धरलं आणि पुन्हा आत खोचलं. दादा वर, छताकडे बघत होता. “येऊ?” “जा.” तो चढू लागला. किती सुंदर चढायचा दादा. पूर्वी तो कपाट सरकवल्यासारखा चढायचा, धापा टाकत, भिंतीशी भांडत. आता त्याला भिंतीनं कडेवर घेतलं होतं. तिला ते बघवत नव्हतं आणि नजरही हलत नव्हती. दोर तिच्या मुठीतून जात होता, जात होता. पिवळा खुंटा गेला. त्याच्यावरचा निळा गेला. मग त्याचा उजवा पाय थरथरला, शिवणयंत्राच्या सुईसारखा. पायातली ताकद संपली की तसा थरथरतो. तो म्हणाला, “पडतोय गं.”

दोर ताणला गेला त्या क्षणी तिनं उडी मारली. तिनं ठरवलं नव्हतं. गुडघे वाकले आणि पाय सुटले, सगळ्या ताकदीनं, सगळ्या जन्माच्या सवयीनं, जणू खालून तिला कुणी सांगितलं होतं की हा माणूस जड आहे, जड आहे, घागर आहे. पळभर ती हवेत होती. पिवळा खुंटा डोळ्यांसमोर आला. मग ती खाली आली, टाचांवर, आणि दोर वरती तसाच राहिला, आणि दादा त्याला लोंबत, हळूहळू फिरत होता. पाठ, कूस, चेहरा, पाठ. दोराला दोन टोकं असतात. एका टोकाचं दुसऱ्याला कळतंच.

“चिमणे,” वरून आवाज आला, “उडी मारलीस तू.”

तिनं दोर मांडीपाशी आणखी खाली ओढला. मूठ आवळलेली होती.

“कधीपासून कळलंय?”

“गेल्या वेळेपासून.”

“हं.” तो फिरला. पाठ झाली. पाठीनंच म्हणाला, “घे खाली.”

“नाही.”

“म्हणजे?”

“काय लपवलंयस ते सांग. मग खाली सोडते.”

दोर आणखी एक गिरकी फिरला. मग त्याचे खांदे हलायला लागले आणि तिला वाटलं रडतोय. चेहरा समोर फिरला तेव्हा तो हसत होता, आवाज न करता, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून डोळे तसेच. पलीकडून भिंतीचा मास्तर थबकून बघत होता. “काकू, अडकलं का काही?” तिनं मानेनं नाही म्हटलं.

“लोक बघतायत गं.”

“बघू देत.”

“पाय बधिर होतायत माझे.”

“माझेही व्हायचे.”

दादानं खाली पाहिलं. तिथून तिला त्याचा भांग दिसायची सोय नव्हती, त्यालाच तिचा दिसत असणार, पांढरा, वाकडा. “रक्त जातंय,” तो म्हणाला. एवढंच, हलक्या आवाजात, हवा पुसल्यासारखं. “बरेच दिवस झाले. हिला माहीत नाही. चाचणी गुरुवारी होती. मी नको म्हणालो.” मग, “भीती वाटते गं.”

हे शेवटचं त्यानं आजवर कधी म्हटलं नव्हतं. ते शब्द दोरावरून खाली उतरत आले आणि तिच्या पोटात येऊन थांबले, कड्या ओलांडत, एकेक. तिला वाटलं होतं, ऐकलं की आपण कोसळू. पण पाय जमिनीवर होते, चांगले रोवलेले, आणि त्यांना आज पहिल्यांदा आपलं वजन कळत होतं.

“झालं?” ती म्हणाली. “एवढंच?”

“एवढंच.”

“परत घे तारीख. मी येईन बरोबर, रजा टाकेन. वहिनीला मी नाही, तू सांगायचंस.”

“आणि बेट?”

“तिकिटं आत्ता काढू. खाली आलास की.” 

“आणि तपासणीत काही निघालं तर? परत होत नाहीत ती.”

“म्हणूनच. एकदा काढली की जावंच लागेल. तुलाही, मलाही. आज नाही तर उद्या, धरून न्यायला लागलं तर धरून.” तिनं पायाशी पडलेला दोर टाचेनं बाजूला सारला. “मला पेलतोस तू. दिवसभर खोकीच उचलते मी.”

दादानं मान हलवली. तिनं ब्रेकची कळ ओढली. एरवी एवढं केलं की तो सरसर खाली यायचा, दोर तळहात भाजत पळायचा आणि दोन्ही हातांनी आवरावा लागायचा. आज कळ पूर्ण ओढली तरी दोर हलेना. दादा होता तिथेच, हवेत, वाळत घातलेल्या कपड्यासारखा. मग तिनं दुसऱ्या मुठीतला दोर थोडा थोडा ब्रेकमध्ये सारायला सुरुवात केली, आजाऱ्याला घास भरवावा तसा, घाई न करता. एक वीत दोर आत गेला की एक वीत दादा खाली. निळा खुंटा गेला. पिवळा आला. तिथे, तिच्या डोक्याच्या जरासा वर, पाय अजून टेकायचे असताना, दादा तिच्याकडे तोंड करून फिरला आणि जिन्यात शेजारी भेटावा तशा सुरात म्हणाला, “काय म्हणता, बरं आहे ना सगळं?”

“नाही,” ती म्हणाली, आणि पुढची वीत सोडली.